याके अक्का

होसकोट्याच्या आमच्या कारखान्यात माझ्यासारखं रजिस्टर कुणाचं नव्हतं, चार वर्षांत माझ्या पानावर एक आकडा इकडचा तिकडं झाला नाही. होणार कुठनं, मी मोजतच नव्हतो.

मी खानापूरकडचा, सातवीत दोनदा बसलेला आणि दोनदा उठवलेला माणूस. आमचं काम दुचाकीच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या पिना कातायचं. पिन आठ मिलिमीटर पाहिजे, केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढा फरक चालतो, त्याच्यावर नाही. दर तासाला पाच पिना मोजायच्या आणि आकडे रजिस्टरात लिहायचे. मी दिवसभराचे आकडे सकाळच्या चहाबरोबरच लिहून मोकळा व्हायचो. त्यातसुद्धा डोकं लागतं बरं का. एकच आकडा लागोपाठ दोनदा लिहायचा नाही, आणि दिवसातनं एखादा जरा काठावरचा टाकायचा, म्हणजे खऱ्यासारखं दिसतं.

हे पकडलं याके अक्कांनी. त्या आमच्या क्वालिटीच्या इन्स्पेक्टर. मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातल्या, तीन पिढ्या इथंच गेलेल्या, त्यामुळं अर्धं बोलणं कन्नडात. कन्नडात ‘याके’ म्हणजे ‘का’. बाई दिवसातनं शंभर वेळा तेवढंच विचारायच्या, म्हणून आम्ही ते नाव ठेवलं. नाव ठेवण्यात पुढाकार माझाच होता.

एकदा रजिस्टर घेऊन त्या माझ्या मशीनपाशी आल्या. “परशुअण्णा, काल अकरा ते बारा करंट नव्हता. मग ह्या अकराच्या पाच पिना कुणी कातल्या?”

“आधीच्या तासाच्या शिल्लक होत्या, अक्का.”

“बरं. मोजत नाही तुम्ही. याके?”

मी म्हटलं, वेळ मिळत नाही. याके? मायक्रोमीटर चार मशीनला मिळून एक, तोही पार पलीकडच्या टोकाला, कुलपात. कुलपात याके? मागच्या वर्षी एक हरवला म्हणून. मग नवा आणला नाही, याके? साहेबांनी सही केली नाही. साहेबांनी सही याके केली नाही? म्हटलं, अक्का, ते मला काय माहीत, वर जाऊन विचारा. आणि बाई खरंच जिना चढून वर गेल्या. मी चेष्टेनं म्हटलं होतं.

त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या याकेला माणूस खोटं बोलतो, दुसऱ्याला रडगाणं गातो, तिसऱ्यापासनं खरं निघायला लागतं. आणि कुणाचं नाव घेऊ द्यायच्या नाहीत. एखाद्यानं “ते त्या रमेशनं केलं” म्हटलं की हात आडवा करून थांबवायच्या. “नाव नको. नाव सापडलं की लोक शोधायचं थांबवतात.” ह्यात वरच्यांची अडचण व्हायची. तीन याकेपर्यंत चूक आमच्यात असायची, चौथ्याला ती जिना चढायची आणि पाचव्याला केबिनचं दार वाजवायची.

पंधरा दिवसांत माझ्या मशीनला साखळीनं बांधलेलं गेज आलं. पोलादाची पट्टी, त्याला दोन भोकं. एकात पिन गेली पाहिजे, दुसऱ्यात जाता कामा नये. अक्का म्हणाल्या, “आकडा नको, अक्षर नको, आता तर सोपं झालं ना?” मी म्हटलं, सातवीत असं असतं तर मी पास झालो असतो. मग मोजायला लागलो, आणि लाज वाटली. दुपारनंतर टूल झिजतं आणि माझ्या पिना जाड होत जातात. चार वर्षं मी रोज जाड पिना कातत होतो आणि रजिस्टरात बारीक लिहीत होतो.

चांगलं चाललं होतं. मग सणाच्या तोंडावर माल दीडपट मागितला. सुपरवायझर म्हणाला, भोकात काय घालत बसलायस, मशीन चालव. मी पण काय, सांगणाऱ्याचीच वाट बघत असल्यासारखा परत पेन हातात घेतला.

आठवड्यानं अक्कांनी तयार मालातनं तीन पेट्या उघडल्या. तिन्हीत जाड पिना. जाड पिन ब्रेकमध्ये अडकते, दाबला तर लागत नाही, नाहीतर लागला तर सुटत नाही. अक्कांनी चाळीसच्या चाळीस पेट्यांवर लाल टॅग लावला, म्हणजे हा माल हलवायचा नाही. बाहेर ट्रक उभा.

साहेबांनी आम्हाला दोघांनाही केबिनमध्ये बोलावलं. “अहो, तीन पेट्या काढा, बाकीच्या जाऊ देत. रजिस्टर बघा की, सगळं बरोबर आहे.”

“रजिस्टर बरोबर आहे सर. पिन बरोबर नाही. सगळ्या पेट्या तपासू दे, उद्या जाईल माल.”

साहेब माझ्याकडं वळले. “परशू, तू मोजलं होतंस ना?”

अक्का हळू आवाजात म्हणाल्या, “अण्णा, तुम्हाला कोण काय म्हणणार नाही, ते मी बघते. मोजलं का नाही, एवढंच सांगा.”

त्याच महिन्यात मला पर्मनंट करणार होते. एरवी कॅन्टीनमध्ये माझं तोंड बंद करायला तिघं लागतात. तिथं ते उघडलंच नाही. मान मात्र खाली-वर हलली, व्यवस्थित, दोनदा.

ट्रक गेला. अक्कांनी सही केली नाही म्हणून दुसऱ्याची घेतली. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, हातमोजे वाटायला. गेज ओळखणाऱ्या बाईला हातमोजे वाटायला. दोन महिन्यांनी त्या सोडून गेल्या आणि कुणी विचारलंसुद्धा नाही, याके.

ह्याच्यापुढचं आठवलं की माझं डोकं फिरतं. त्या गेल्यावर बाहेरनं एक ट्रेनिंगवाला आणला. सूट घालून, पडदा लावून आम्हाला शिकवतोय, की चूक झाली तर पाच वेळा ‘का’ विचारा. जसं काय ते त्यानं घरनं आणलंय. आणि पडद्यावरच्या उदाहरणात पाचवं उत्तर काय, तर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. पाच पायऱ्या उतरून आमच्याच डोक्यावर. एकालाही वाटलं नाही उठून सांगावं, की बाबा, तुझी शिडी उलटी लावलीय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी.

त्याच कार्यक्रमात मला सर्टिफिकेट दिलं, सगळ्यात नीट रजिस्टर ठेवल्याबद्दल. नोटीस बोर्डावर माझा फोटो, वर लिहिलेलं, ‘गुणवत्ता ही सर्वांची जबाबदारी’. सर्वांची म्हणजे कुणाचीच नाही, हे सातवी नापासालासुद्धा कळतं. बाकीच्या सदतीस पेट्या कुठल्या कुठल्या गाड्यांत बसल्या असतील. सिग्नलला पुढं कुणी लेकराला घेऊन गाडीवर उभं असलं, की मी त्यांचा ब्रेकचा दिवा बघत बसतो.

परवा रविवारी राहवलं नाही, मल्लेश्वरमला अक्कांच्या घरी गेलो. आता त्या कुठल्याशा संस्थेत मशीनवर काम शिकणाऱ्यांना मोजायला शिकवतात. बारीक झाल्यात, हसणं तेच. कॉफी दिली. त्यांच्या आई खाली बसून अवरेकाळूच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या. मी अर्धा तास सगळ्यांना झोडलं. साहेबाला, सुपरवायझरला, त्या सूटवाल्याला, पडद्याला. म्हटलं, अक्का, तुमच्यावर केवढा अन्याय झाला, माझं रक्त उकळतंय. अक्का नुसत्या “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत होत्या, आणि “कॉफी घ्या अण्णा, थंड होतेय.”

आईंनी मान वर केली, चष्म्यातनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि लेकीला विचारलं, “मुंडी हलवली म्हणाली होतीस, तो हाच काय गं?”