ट्रॉलीवरचे संपादक

आष्टीतला आमचा शिंपी दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर निजामाच्या काळातला संपादक-पुढारी होऊन उभा राहतो. स्वतः शिवलेला काळा कोट एकदा चढवला की आठवडाभर उतरवत नाही. मी पँट मागायला गेलो तर म्हणाला, "वाचकहो, परवा या!"

यंदा त्याला अटक करणारा नाटकातला शिपाई आलाच नाही. त्याची वाट बघत ट्रॉली चौकातच थांबली, रस्ता तुंबला म्हणून खराखुरा हवालदार ट्रॉलीवर चढला. शिंप्यानं लगेच दोन्ही हात पुढं केले. "घाला बेड्या! अग्रलेख मागं घेणार न्हाई!"

टाळ्यांनी चौक दणाणला.

हवालदार कुजबुजला, "काका, ट्रॅक्टर तेवढा बाजूला घ्या."

"आदी अटक करा, लोकं बघायलेत!"

हवालदारानं गर्दीकडं पाहिलं, खिशातला रुमाल काढला आणि त्याचे हात बांधले. मग खाली उतरून आमच्यातच मिसळून ओरडू लागला, "संपादकांना सोडा!"