पट्ट्याला दर्याचं पाणी

१३ डिसेंबर १९५८. संध्याकाळी शाळेचं स्नेहसंमेलन आणि सकाळी माझं एकच काम : पट्ट्याला तेल लावून ठेवणं. खोबरेलाची वाटी घेऊन पडवीत बसले. पट्ट्यावरचं फडकं सोडलं आणि बोटांना लाल पूड लागली.

पट्टा म्हणजे दांडपट्ट्यातला पट्टा. लांब, सरळ, दोन्हीकडून धार असलेलं पातं. ते वेतासारखं लवतं. मूठ आत असते आणि तिच्यावर कोपरापर्यंत लोखंडी खोबळा. त्यामुळे मनगट वळत नाही. सगळा खेळ खांद्याचा, कमरेचा आणि पायांचा. मी कन्याशाळेत ड्रिल टीचर होते. मुलींना लेझीम आणि लाठी शिकवत असे. पट्टा अभ्यासक्रमात नव्हता. तो फक्त माझा होता.

माझे वडील फोंडाघाटच्या बाजारात सुकी मासळी विकत आणि बाजार उठला की तालमीत जात. मलाही नेत. लग्न होऊन मी समुद्रावर आले, तेव्हा ट्रंकेत पातळांच्या खाली पट्टा होता. नवरा मुंबईच्या मालवाहू गलबतावर, महिनोन्‌महिने बाहेर. घरी सासू, माझी लहान मुलगी आणि मी. सासूला सगळे आये म्हणत. ती बाजारात मासे विके. मी शाळेतून आल्यावर मीठ लावणं, वाळत घालणं करी. पट्टा फिरवायचा तो रविवारी पहाटे, तोही ओहोटी असेल तर. कोरड्या वाळूत पाय रुततात, ओहोटीची ओली वाळू मात्र तालमीइतकी घट्ट लागते. होड्या दिसल्या की खेळ बंद, मासळी उतरवायला जावं लागे. पुष्कळदा ओहोटी आणि होड्या एकाच वेळी येत.

त्या वर्षी बातमी आली की उन्हाळ्यात कोल्हापूरला शिक्षकांचा कॅम्प आहे. जुनी शस्त्रं शिकवायला वस्ताद येणार. आमच्या भागातून एकच बाई घ्यायची होती. शिक्षणखात्याचे साहेब संमेलनाला येणार आणि माझा खेळ बघून ठरवणार. सुट्टीभर सकाळ-संध्याकाळ नुसती तालीम! आंघोळ करताना, भात निवडताना मला तालमीतल्या लाल मातीचा वास येई. त्यात ताक, तेल आणि हळद मिसळलेली असते. लग्नानंतर तो वास मी घेतला नव्हता.

खेळाचा शेवट लिंबाने होतो. माणूस तळहातावर लिंबू घेऊन उभा राहतो आणि पट्टेवाला फिरत फिरत येऊन तेवढं लिंबू कापतो. धरणाऱ्याचा हात हलला तर बोट गेलं. शाळेत कोणी तयार होईना. आये म्हणाली,

"मी धरतंय. रोज सुरमय कापतंय मी. माझो हात हलाचो नाय."

आणि खरंच हलला नाही. वाळूवर दोनदा करून बघितलं. दुसऱ्या वेळी लिंबाचे दोन तुकडे बघून ती म्हणाली, "बरा झाला. आता आमटीक लागतला."

आणि आता ही लाल पूड.

"आये, पट्ट्याक कोणी हात लावलो?"

"मीच धुतलंय," ती चुलीजवळून म्हणाली. "आयतवारी तू खेळून इलंस आणि तुझ्या चेडवाक ताप. तू तसाच ठेवलंस. म्हटलंय, शाळा, चेडू, मासे, किती करतला ह्या? रेवेन घासलंय, दर्याच्या पाण्यान धुतलंय, फडक्यात गुंडाळलंय. माझी कोयती तशीच धुतंय मी."

तिचं चुकलं नव्हतं. तिची मासे कापायची कोयती तशीच धुतली जाते आणि चांदीसारखी लखलखते. पण कोयती रोज कामात असते, रोज घासली जाते. तिला गंज धरायला सवड मिळत नाही. पट्टा मात्र आठवडाभर खाऱ्या, ओल्या फडक्यात पडून होता.

मी चिंच आणि विटेची पूड घेऊन बसले. गंज निघाला. खाली बारीक काळे खड्डे होते. पात्यावर तेही चालले असते. मग टोक भिंतीला लावून पातं लववलं. पट्टा फिरवण्याआधी ते बघायचंच असतं. खोबळ्याजवळ बारीक कट्ट झालं. तिथे नख फिरवलं तर अडकलं. पट्टा तुटतो तो नेहमी तिथेच, कारण सगळा झोक तिथेच येतो.

आये कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही.

"मोडलो काय गो?"

"अजून नाय. मोडात."

तिने त्या जागी बोट फिरवलं. मग म्हणाली, "तरी मी धरतंय. तू मार. जायत बोट तर जायत, माका धा आसत."

"आये, आत जा. पेज उतू जाता."

मी शाळेत गेले. हेडमास्तर मांडव बघत होते.

"सर, पट्ट्याचा आयटेम होणार नाही. पातं तडकलंय."

"बाई, प्रोग्रॅम छापलाय! साहेब त्यासाठीच येतायत. लांबून कोणाला दिसणार आहे?"

"मला दिसतंय."

"मग लिंबू नको. नुसता फिरवा."

"फिरवतानाच तुटतो, सर. तुटला की उडतो. पहिल्या रांगेत पहिलीच्या मुली बसवल्यात."

त्यांनी पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथे अजून नुसत्या सतरंज्या होत्या. "दुसरा कुठे मिळेल?"

"सावंतवाडीला मिळेल. संध्याकाळपर्यंत नाही मिळणार."

"मग लाठी करा. पण जोरात करा."

मी लाठी केली. जोरात केली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आये बायकांच्या बाजूला नव्या लुगड्यात बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब चहा पिताना म्हणाले, "चांगलं झालं. पण बाई, लाठीवाले आमच्याकडे पुष्कळ आहेत. पट्ट्याचं ऐकलं होतं."

"पुढच्या वेळी दाखवीन, साहेब. पुन्हा केव्हा येणं होईल?"

"बघू," साहेब म्हणाले. ते पुन्हा आले नाहीत, दुसरे आले. कोल्हापूरला सावंतवाडीच्या एक बाई गेल्या. पुढे एकदा त्या भेटल्या. कॅम्प कसा होता, मी विचारलं. जेवण तिखट होतं म्हणाल्या. मातीबद्दल मी विचारलं नाही.

परतताना आये माझ्या पुढे चालत होती. आमच्या दारात आल्यावर म्हणाली, "ह्या घरात खारा पाणी सगळ्याक चलता. पट्ट्याक चलणा नाय, माका कोण सांगतला?"

"मीच सांगूक होया होता," मी म्हटलं. तो विषय तिथे संपला.

या सगळ्यातून मी एवढं शिकले : जे आठवड्यातून एकदा हातात येतं, ते गंजणारच, मग त्याला तेल लावा नाहीतर जपून ठेवा. कोयतीला कोणी जपत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. उजाडायच्या आत उठले. छिन्नीने रिवेट तोडून पातं काढून टाकलं आणि त्याच्या जागी बांबूची लांब कांब घट्ट बांधली. कांब लवते, गंजत नाही, आणि तुटली तर परसात दुसरी असते. पाणी बरंच वर आलं होतं. घट्ट वाळूचा जेमतेम एक पट्टा उरला होता. तेवढ्यात फिरवून घेतलं. होड्या दिसल्या तशी थांबले, खोबळा काढून मागून आलेल्या आयेच्या हातात दिला आणि टोपली घेऊन होड्यांकडे उतरले. सोमवारीही तेच केलं.