तिसऱ्या माळ्याचं पाणी

गुणाजी घाडी मूळचा देवगडकडचा. लालबागच्या मागल्या गल्लीत एका चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर त्याचं बिऱ्हाड, आणि नोकरी गिरणीत, प्रेस खात्यात. तिथं कापडाचे गठ्ठे चेपायचं यंत्र पाण्याच्या दाबावर चाले. बारीक पंपानं पाणी दाबलं की तोच दाब जाऊन रुंद दट्ट्याखाली उभा राही, आणि हत्तीनं पाय द्यावा तसा गठ्ठा चपटा होई. गुणाजीला याचं इतकं अप्रूप, की शिमग्याला गावी गेला तरी पालखी राहायची बाजूला आणि गाव जमतं त्या मांडावर बसून हा प्रेसच्याच गोष्टी सांगायचा.

पण घरात त्याच पाण्यानं त्याला रडवलं होतं. चाळीला रस्त्यावरून एकच नळ येई आणि भिंतीला धरून वर चढे. प्रत्येक माळ्याच्या मोरीत एक तोटी. पाणी यायचं सकाळी, दुसऱ्या माळ्यापर्यंत कसंबसं चढायचं आणि तिथंच दम टाकायचं. तिसऱ्या माळ्याच्या बायका खालून घागरी वाहायच्या. आदल्या वर्षी गुणाजीची बायको अंबिका अशीच भरली घागर घेऊन जिन्यात पडली आणि सातव्या महिन्यात पोटातलं मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. गुणाजीची कायमची पहिली पाळी. पाणी यायच्या वेळी तो खात्यात उभा. बायकोनं घागर उचलायची नाही, एवढं त्यानं मनाशी ठरवलं होतं. पण कसं, ते सुचत नव्हतं.

सुचलं ते प्रेसवरून. रुंद ते जबर, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. सुटीच्या दिवशी त्यानं डांबराचं एक मोठं रिकामं पिंप आणलं, दुसऱ्या माळ्याच्या मोरीत ठेवून भरलं, बुडाशी रबरी नळी जोडली आणि नळीचं तोंड वर नेलं. एवढं पाणी खालून रेटणार म्हटल्यावर जाईल कुठं! पाणी नळीत चढलं, पिंपातल्या पाण्याच्या बरोबरीला आलं आणि थांबलं. गुणाजीनं पिंप लहान पडलं असं ठरवून दुसरं, त्याहून रुंद आणलं. तेच. तळमजल्याची कालिंदीकाकी, जिच्या शब्दावर चाळीतल्या नळाच्या पाळ्या लागत, ती जिना चढून मुद्दाम बघायला आली आणि म्हणाली, "गुणाजी, तिसरं आणू नको रे बाबा. मोरी लग्नमांडव दिसायला लागली."

चुकलं कुठं? प्रेसमध्ये रुंद दट्ट्याला जोर मिळतो खरा, पण बारीक पंप हातभर खाली गेला तर तो दट्ट्या बोटभर वर सरकतो. जोर मिळतो, उंची मिळत नाही. आणि उघड्या पिंपातल्या पाण्याचा बुडाशी दाब किती, हे त्याच्या उंचीवर ठरतं, पसाऱ्यावर नाही. तांब्या असो की तळं, हातभर पाणी ते हातभरच.

पिंपं विकून टाकली. अंबिका घागर उचलतच राहिली; फक्त आता अर्धी भरून, दुप्पट खेपा.

मग छप्पन सालचा जानेवारी आला. मुंबईसाठी लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, गिरण्या थंड पडल्या, कर्फ्यू लागला. त्याच धामधुमीत एका संध्याकाळी कालिंदीकाकी वारली. छातीत कळ आली, तेवढंच निमित्त. रस्त्यावर पाऊल टाकायची सोय नाही, तेव्हा मयत नेण्याची परवानगी येईपर्यंत ती तळमजल्याच्या खोलीतच राहिली. त्या चाळीचा रिवाज असा, की मयत उचलेपर्यंत कुणाची चूल पेटायची नाही आणि कुणी नळाला हात लावायचा नाही.

उजाडलं. पाण्याची वेळ झाली, पण खालच्या सगळ्या माळ्यांवरच्या तोट्या मिटलेल्या. भजन म्हणणारेही थकून गप्प झालेले. आणि तेवढ्यात तिसऱ्या माळ्यावर, जिथली तोटी कधी काही आलंच तर यावं म्हणून नेहमी उघडीच ठेवलेली असे, तिथं रिकाम्या बादलीत पाणी पडू लागलं. सबंध चाळीला ऐकू गेलं.

अंबिका मोरीत धावली. तोटीला चांगली बोटाएवढी धार होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

"मिट," गुणाजी हळू म्हणाला.

तिनं तोटी मिटली. गुणाजी मात्र तिथंच भिंतीला टेकून राहिला. गावी पोफळीच्या बागेत शिंपणं चाले, तेव्हा जवळच्या आळ्यांची तोंडं मातीनं बुजवल्याशिवाय शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसे. इथंही तेच होतं. खाली तोट्या सुटल्या की सगळं पाणी एकाच बारीक नळातून धावतं, नळाच्या अंगाला घासतं, आणि त्या घासण्यातच त्याचा दाब खर्ची पडतो. खाली सगळं निवांत असलं तर घासण्यात काही जात नाही आणि रस्त्यावरचा दाब तिसऱ्या माळ्यापर्यंत पाणी चढवतो. पाणी चढत नव्हतं असं नाही. त्याला चढू दिलं जात नव्हतं.

काकीचं तेरावं त्यानं होऊ दिलं. मग चौकात चार माणसं बसली असताना त्यानं विषय काढला. सकाळी आधी तिसरा माळा भरू द्यावा, तोवर खालच्यांनी तोट्या उघडू नयेत. लवू सारंग पहिल्या माळ्याचा. तो म्हणाला, आम्हालाही पाळीला जायचं असतं, तुझ्या बायकोसाठी आम्ही पारोसे जायचं काय? दोघातिघांनी लवूच्या बाजूनं मान डोलावली. गुणाजीनं पुन्हा समजावून पाहिलं, पण दाब आणि नळ कुणाच्या कानात शिरेना. तो उठायला लागला.

काकीची सून राधा दाराशी तांदूळ निवडत बसली होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "भावोजी, बसा. सासूबाईंच्या मयताला सगळ्यांनी नळ मिटले. कुणी मेलं नाही त्यानं. पोटातल्या जिवासाठी घटकाभर मिटवत नाहीत होय? उद्या मी उघडत नाही. बघू दुसरं कोण उघडतं."

सासूनंतर पाळ्या लावायचा मान तिचाच. लवू बिडी पेटवायच्या निमित्तानं उठून गेला.

दुसऱ्या दिवशी गुणाजी खात्यात होता. पाण्याची वेळ झाली, टळली. त्याच्या हातून गठ्ठा आवळायची पट्टी दोनदा सुटली आणि देखरेखीला असलेल्या जॉबरनं दोनदा शिवी दिली. पाळी सुटताच तो सरळ घरी आला आणि जिना चढू लागला. खेपा झाल्या की घागरी हिंदकळून त्या लाकडी पायऱ्या संध्याकाळपर्यंत ओल्या असत. तो एकेक पायरी हातानं चाचपत गेला. पहिला माळा, दुसरा, तिसरा. सगळ्या कोरड्या होत्या.

अंबिका आत झोपली होती. त्यानं तिला उठवलं नाही.