मूठभर जुना भुसा

मायाक्काचा हात लागला की उंदीर डोळे मिटायचे. मला मात्र कडकडून चावायचे. याचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू?

सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत उंदरांचं सगळं तीच बघायची. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची लेक. दुपारचं तिरपं ऊन पिंजऱ्यांवर यायचं, भुशाचा वास दाटायचा आणि फडकं हातात धरूनच तिची तंद्री लागायची.

"माळ दिसतो वो म्याडम," ती म्हणायची. "मेंढरं बसल्यात, आन् सिदू कोकरू उराशी धरून निजलाय."

सिदू तिचा मुलगा, ट्रकवर ड्रायव्हर. पाठ दुखायची म्हणून गोळ्या सुरू झाल्या आणि गोळ्यांनीच त्याला धरलं. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी यायचा आणि पुन्हा सात रस्त्याच्या चौकात, गोळ्या मिळायच्या त्याच कोपऱ्यावर जायचा. आता परत केंद्रात होता.

आमचं काम नेमकं यावरच होतं. मेंदूत राखणदार पेशी असतात, जंतू शिरला की ओरडणाऱ्या. त्यांच्यावरच्या एका रिसेप्टरला, म्हणजे घुसखोर ओळखणाऱ्या रेणूला, नशाही घुसखोर वाटते आणि त्या आरडाओरड्याने तलफ वाढते, असा आमचा अंदाज. तो रिसेप्टर बंद करणारं औषध आम्ही तपासत होतो. दोन खोल्यांची पेटी, एक पट्ट्यापट्ट्यांची, एक साधी. पट्ट्यांच्या खोलीत उंदराला नशा द्यायची, सोबत हे औषध. शेवटी मधलं दार उघडायचं. ओढ उरली असेल तर उंदीर पट्ट्यांकडे जाणार.

"म्हंजी राखणीचं कुत्रं गप करायचं," मायाक्का म्हणाली. "मग सिदूला कवा मिळंल?"

"आधी उंदरांना तर गुण येऊ दे."

दार उघडलं. एकामागून एक सगळे उंदीर साध्या खोलीत गेले आणि कोपऱ्यात अंग मुडपून झोपले. मी नाचायचीच बाकी होते. मायाक्काच्या डोळ्यांना धार लागली. मग तिची नजर त्या कोपऱ्यावर गेली आणि चेहरा उतरला. ती गप्प राहिली असती तर मला कधीच कळलं नसतं.

"म्याडम, तितं मीच त्यांचा जुना भुसा टाकला व्हता. मूठभर. नव्या तळावर मेंढरं बुजत्यात, म्हणून आमी जुन्या तळाची माती टाकतो. त्या खोलीत हीबी बुजत्यात की."

म्हणजे उंदरांना औषधाने नाही, घरच्या वासाने तिकडे नेलं होतं. मी तोंडाला येईल ते बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सिदूचं औषद लांब गेलं न्हवं?"

मी हो म्हणाले आणि पेटीतला भुसा काढायला घेतला.

प्रयोग पुन्हा पहिल्यापासून मांडला. तो अजून चालू आहे.

सिदू केंद्रातून सुटला तेव्हा मायाक्काने जुळे सोलापूर भागात खोली घेतली, सात रस्त्याच्या कोपऱ्यापासून लांब. एका दुपारी मी गेले. आत पाऊल टाकताच मेंढरांचा वास आला. तिच्या वडिलांचं जुनं घोंगडं फरशीवर अंथरलं होतं, उशाशी माळावरची मूठभर माती होती आणि सिदू लहान पोरासारखा गाढ झोपला होता.

"हळू बोला म्याडम," ती म्हणाली. "सकाळधरनं कुटं गेला न्हाय."

मी तिच्याशेजारी टेकले. खोलीचं दार सताड उघडं होतं.