शनिवारचे खुंट

माझ्या मुलाच्या गालावरचे खुंट मशीनने मापात राखलेले, ती हौस. माझे निव्वळ आळसाचे. अण्णांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, फक्त शनिवारचे. शनिवारी दाढी करायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. रविवारी उजाडताच गाल गुळगुळीत.

आज सकाळी उन्हात बसलेल्या अण्णांच्या गालांवर पांढरे खुंट चांगलेच वाढलेले दिसले.

"अण्णा, दाढी नाही केलीत?"

"अरे, आज शनिवार ना!"

आज बुधवार. कालही ते हेच म्हणाले होते, आणि मी हसलो होतो.

आज गरम पाणी आणून मी त्यांच्या गालाला फेस लावू लागलो, तर त्यांनी घाबरून माझं मनगट धरलं. "शनिवारी नको रे."

मी ब्रश खाली ठेवला. हात आपोआप माझ्याच गालावर गेला, आणि आज कोणता वार, ते मी मनात दोनदा म्हणून पाहिलं.