बुधाजींचं मूळ

भोईवाड्यातल्या चाळीत बुधाजी तोरसकरांच्या दारी गुडघे धरून लोक यायचे. गिरणी बंद पडली, पण हे काम सुटलं नाही. कणकवलीकडच्या रानातलं एक मूळ ते उगाळून द्यायचे, फुकट. बापाकडून आलेली विद्या.

मुलगी अक्षता परळच्या एका प्रयोगशाळेत औषधं तपासायची. बाबांच्या मुळाला चार शहाण्यांत मान मिळावा, हे तिच्याच डोक्यातलं. प्रयोगशाळेतल्या सरांच्या मागे लागून तिने रीतसर परवानगी मिळवली. बुधाजींनी हौसेने मुळं निवडून दिली. "उंदरांचेय गुडघे दुखतत काय गे?" म्हणून हसलेसुद्धा.

गुण येतो की नाही ते पुढचं. आधी अपाय होत नाही ना, हे पाहायचं होतं. पांढऱ्या उंदरांच्या एका गटाला नुसतं पाणी, बाकीच्यांना नळीने कमी-जास्त अर्क. अक्षता स्वतः एकेकाला धरून पाजायची. हळूहळू अर्कवाले उंदीर खाईनासे झाले. शेवटी सगळ्यांना मारून यकृतं काढली. पाणी प्यालेल्यांची तुकतुकीत होती, अर्कवाल्यांची पिवळट, खरबरीत. माणसाला देतात त्या हिशेबाने पाजलेल्या गटाचीसुद्धा.

अक्षता स्टुलावर बसली ती उठेचना. आईने हेच मूळ वर्षानुवर्षं घेतलं होतं. यकृत निकामी होऊन गेली. "दारू प्यायच्या का?" असं डॉक्टरने विचारलं, तेव्हा बुधाजी त्याच्या अंगावर धावून गेले होते.

घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, हे कुणाला देऊ नका. यकृत खराब करतंय."

"माझ्या बापाशीन सगळ्या गावाक दिल्यान. कोण मेलो?"

अक्षताची नजर आईच्या फोटोकडे गेली. त्या नजरेतच त्यांना कळायचं ते कळलं.

"म्हणजे तुझ्या आवशीक..."

"उंदरांवरून माणसाचं नक्की सांगता येत नाही, बाबा," ती घाईने म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"मगे केलंस कशाक?"

बुधाजींनी मूळ देणं बंद केलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? मग चाळीनेच कारण शोधलं: पोरीने बापाचं औषध कंपनीला विकलं.

शेजारच्या राधाबाईंनी तर तोंडावरच विचारलं.

"काकू, अपाय होतो त्याने. एकदा रक्त तपासून घ्या, मी येते बरोबर."

"माझे गुडघे त्याच मुळावर चालतात. उंदरांचं मला सांगू नको."

बुधाजी दारातच बसले होते. अक्षताने त्यांच्याकडे पाहिलं. एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. ते चपला घालून जिना उतरून गेले.

राधाबाईंनी गावाहून भावाकडून मूळ मागवलं. आता मजल्यावर त्याच उगाळून वाटतात. अक्षता दिसली की सहाण पदराआड घेतात. घरात बापलेक अजून एकत्र जेवतात, टीव्ही मोठ्याने लावून.