खोट्या माशीचे पाय

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, वयाच्या बावन्नाव्या वर्षीही माझे केस नैसर्गिकरीत्या काळे आहेत. निदान कर्वेनगरातल्या आमच्या सलूनमध्ये मी हे दर महिन्याला जाहीर करत असे आणि बाकावर बसलेली मंडळी माना डोलावत असत.

त्या सकाळी बाकाच्या टोकाला एक अनोळखी गृहस्थ होते. मांडीवर पाट, पाटाला चिमटा आणि चिमट्यात गळ. गळाला पिसं आणि केस बांधून ते माशांना भुलवणाऱ्या खोट्या माश्या बनवत होते. पाऊस ओसरला की त्यांचा मासेमारीचा हंगाम सुरू होणार होता. दोरा दातात, एक डोळा मिटलेला. माशी पुरी झाली की तिच्यावर हळूच फुंकर मारायचे, जणू ती उडणारच आहे.

"शेवटच्या माशीला पाय हवेत," ते मला म्हणाले. "आपले चार केस घेऊ? अस्सल काळा केस हल्ली मिळत नाही हो."

"घ्या की! वडिलोपार्जित माल आहे," मी आरशातून सगळ्यांकडे बघत म्हणालो.

"पाण्यात कसा दिसतो ते पाहतो," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावरची कापलेली बट उचलली, दाढीच्या वाटीत बुडवली आणि चोळली. माझा कलप वाटीभर पसरला. कात्री थांबली. अख्खा बाक वाटीवर वाकला.

गृहस्थांचा चेहरा खरोखरच पडला. बट माझ्या हातात परत ठेवत ते कळवळून म्हणाले, "अहो, याला माणसं फसतील, मासा कसा फसेल?"